तळ्यातला किल्ला आणि आजीचं कूळ



जर्मनीच्या इतिहासावर व्याख्यान म्हटलं की श्रोते बिस्मार्कची, हिटलरची, नाहीतर बर्लिनच्या भिंतीची वाट पाहतात. आज ही मंडळी फारशी भेटणार नाहीत. मी बोलणार आहे ते 340 चौरस किलोमीटरच्या एका राज्याबद्दल. मुंबई महापालिकेची हद्दसुद्धा याहून मोठी आहे. शाउमबुर्ग-लिप्पे हे त्याचं नाव. हॅनोव्हरच्या पश्चिमेला, वेझर नदीच्या खोऱ्यालगत ते वसलेलं होतं आणि ब्युकेबुर्ग ही त्याची राजधानी. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथली वस्ती 46 हजारांच्या आसपास होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला तालुक्याचं ठाणं मिळालं तरी गावकरी खूश होतात.

या राज्याचे शेजारी कोण होते ते पाहा. एका अंगाला हॅनोव्हर, दुसऱ्या अंगाला हेसन-कासेल आणि मिंडेनच्या बाजूने प्रशिया. तिघांनाही हा घास सहज गिळता आला असता. प्रत्यक्षात हॅनोव्हर आणि हेसन-कासेल ही दोन्ही राज्यं 1866 साली प्रशियाने खालसा केली आणि ब्युकेबुर्गचं चिमुकलं संस्थान मात्र 1946 पर्यंत, शेवटची काही वर्षं प्रजासत्ताकाच्या वेषात का होईना, नकाशावर राहिलं. हे कसं झालं, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हे राज्य पराक्रमावर थोडं टिकलं आणि वारसाच्या कज्ज्यांवर पुष्कळ. त्या प्रत्येक कज्ज्याच्या मुळाशी एक बाई आहे, कुणाची तरी आई किंवा आजी. इतिहासाच्या पुस्तकांत या बायकांना वंशावळीच्या तक्त्यापलीकडे क्वचितच जागा मिळते.

सुरुवात मात्र पुरुषांपासूनच करावी लागते. वेझरच्या काठी, रिंटेल्न गावाजवळच्या टेकडीवर शाउमबुर्ग नावाचा किल्ला आहे. तिथल्या घराण्यातल्या आडोल्फ नावाच्या सरदाराला सॅक्सनीच्या ड्यूक लोथारने 1110-11च्या सुमारास दूर उत्तरेला होल्श्टाइनचा काउंट नेमलं. त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षं हे घराणं दोन ठिकाणी नांदलं. मूळ घर वेझरकाठी आणि कर्तबगारी उत्तरेला. दुसऱ्या आडोल्फने 1143 साली ल्युबेक वसवलं. तिसऱ्या आडोल्फने हॅम्बर्गची नवी वस्ती उभी केली, आणि सम्राट बार्बारोसाने 7 मे 1189 रोजी दिलेली म्हणून जी सनद दाखवली जाते ती त्याच्याच काळातली. ती सनद पुढे तेराव्या शतकात बनवलेली आहे हे इतिहासकारांनी सिद्ध केलं, तरी हॅम्बर्गचे लोक आजही मे महिन्यात त्या तारखेच्या हिशोबाने बंदराचा वाढदिवस साजरा करतात. सण रद्द करायला इतिहासकार पुरे पडत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चौथ्या आडोल्फने 1227 मध्ये बोर्नहोव्हेडच्या लढाईत डेन्मार्कच्या राजाला हरवलं आणि बारा वर्षांनी सगळं सोडून तो फ्रान्सिस्कन मठात साधू झाला.

या घराण्याचं चिन्ह आहे खाजकुइलीसारख्या एका काटेरी रानझुडपाचं पान. ते आजही श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या बोधचिन्हात आहे. चिन्ह तिथे राहिलं, पण घराणं राहिलं नाही. 1459 साली आठवा आडोल्फ निपुत्रिक वारला. पुढच्याच वर्षी तिथल्या सरदारांनी डेन्मार्कच्या राजाला आपला धनी निवडलं. शाउमबुर्गच्या भाऊबंदांना भरपाई मिळाली आणि हॅम्बर्गलगतचा पिनेबेर्गचा तुकडा त्यांच्याकडे उरला. वारस नसला की काय होतं, याचा पहिला धडा त्यांना तेव्हाच मिळाला.

आता दीडशे वर्षं ओलांडून काउंट एर्न्स्टकडे येऊ. त्याची कारकीर्द 1601 ते 1622. हा माणूस मला आवडतो, आणि त्याची हौस पाहून हसूही येतं. त्याने ब्युकेबुर्गमध्ये भलं मोठं शहरी चर्च बांधलं. दर्शनी भिंतीवर नक्षी इतकी की डोळा कुठे ठरत नाही. आणि त्याच भिंतीवर लॅटिनमध्ये कोरलंय की ही वास्तू धर्मनिष्ठेचा नमुना आहे, स्थापत्याचा नव्हे. त्या ओळीतली काही अक्षरं वेगळी उठवली आहेत. ती जोडून वाचली की काउंटचं स्वतःचं नाव तयार होतं! श्टाडहागेनला त्याने आपल्या समाधीचं काम काढलं आणि त्यासाठी आड्रियान द फ्रीससारखा शिल्पकार गाठला. मध्यभागी कबरीतून उठणारा ब्राँझचा ख्रिस्त आणि भोवती पेंगुळलेले पहारेकरी. एर्न्स्टच्या मृत्यूनंतर हे काम तडीला नेलं ते त्याच्या विधवेने, हेडविगने.

पण एर्न्स्टचं खरं मोठं काम दगडाचं नाही. पिनेबेर्गच्या मुलखात, हॅम्बर्गच्या वेशीबाहेर, आल्टोना नावाची वस्ती होती. हॅम्बर्ग कट्टर लूथरपंथी. एर्न्स्टने आल्टोनात कॅल्व्हिनपंथीयांना, मेनोनाइट लोकांना उघड उपासनेची आणि धंद्याची मुभा दिली. 1611 साली पोर्तुगीज ज्यूंनी त्याच्याकडून दफनभूमीसाठी जागा विकत घेतली, आणि ती दफनभूमी आजही आहे. या सवलतीची आठवण ज्या गल्लीच्या नावात राहिली ती 'ग्रोसे फ्रायहाइट', म्हणजे मोठी मोकळीक. 1960 पासून बीटल्स नावाची पोरं ज्या क्लबांत रात्र-रात्र गात होती ती याच गल्लीतली. पर्यटकांना वाटतं, रंगेल वस्ती म्हणून हे नाव पडलं. नाव पडलं ते प्रार्थनेच्या मोकळिकीवरून. एर्न्स्टला उदारमतवादी ठरवायची घाई मात्र करू नये. कारागीर आणि व्यापारी आले की जकात वाढते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एर्न्स्टने 1621 मध्ये रिंटेल्नला विद्यापीठ उघडलं. या विद्यापीठाची एक काळी बाजू सांगायलाच हवी. तिथली कायद्याची विद्याशाखा चेटकिणींच्या खटल्यांत मागाल तसा सल्ला देऊ लागली आणि 1630 साली तिथल्याच एका प्राध्यापकाचं, हे खटले कसे चालवावेत याचं पुस्तक निघालं. दुसऱ्याच वर्षी, त्याच गावच्या विद्यापीठाच्या छापखान्यात, लेखकाचं नाव न घालता आणखी एक पुस्तक छापलं गेलं. छळ करून काढलेला कबुलीजबाब हा पुरावाच नव्हे, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. लेखक होता फ्रीडरिश श्पे नावाचा जेझुइट पाद्री. कॅथलिक लेखकाचं, चेटकिणींना वाचवणारं पुस्तक एका प्रोटेस्टंट विद्यापीठाच्या छापखान्यातून निघतं, आणि तेही आग भडकवणाऱ्या पुस्तकाच्या पाठोपाठ. छोट्या राज्यांचा हा एक गुण म्हणावा लागेल. एका गावात दडपलेली गोष्ट शेजारच्या गावात छापता येत असे.

1619 मध्ये सम्राटाला भरपूर पैसे पोचवून एर्न्स्टने 'प्रिन्स' ही पदवी मिळवली. तिच्यात होल्श्टाइनचं नाव आलं, म्हणून डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियान चौथा खवळला आणि त्याने एर्न्स्टला वाकायला लावलं. तीस वर्षांचं युद्ध नुकतंच पेटलेलं. पदवीचं सुख फार दिवस लाभलं नाही. एर्न्स्ट 1622 मध्ये निपुत्रिक गेला.

शेवटचा काउंट ऑटो पाचवा 1640 साली वारला. वय 26, लग्न झालेलं नाही. विषप्रयोगाची कुजबुज तेव्हाही होती आणि नंतरही राहिली. पिनेबेर्गचा तुकडा डेन्मार्कचा राजा आणि गोटॉर्पचा ड्यूक यांनी वाटून घेतला. वेझरकाठच्या मूळ मुलखावर ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचे ड्यूक, हेसन-कासेल आणि मिंडेनचं बिशपपद, असे सगळे जुने कागद घेऊन धावले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, घराण्याचा पुरुष वंश संपला, म्हणून आमची जहागीर आम्हाला परत द्या.

इथे पहिली बाई येते. ऑटोची आई एलिझाबेथ, माहेरची लिप्पे घराण्यातली. मुलाची वारस आई, असा दावा तिने मांडला, आणि 1643 मध्ये आपला सगळा हक्क सख्ख्या भावाच्या, फिलिपच्या, नावे करून दिला. फिलिप लिप्पे घराण्यातल्या धाकट्या पातीचा, त्याच्या वाट्याला आल्व्हरडिसेनचा लहानसा मुलूख. एरवी त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. पण बहिणीचा कागद हातात, आणि पाठीशी हेसन-कासेलची लँडग्रेव्हिन आमालिए एलिझाबेथ. अल्पवयीन मुलाच्या नावे राज्य चालवणारी ही विधवा त्या युद्धातल्या मुत्सद्द्यांत फार वरच्या रांगेत बसते. तिने फिलिपला ब्राउनश्वाइगच्या विरोधात आधार दिला, पण फुकट नाही. फिलिपला जे मिळेल ते त्याने हेसनचा मांडलिक म्हणून भोगायचं, ही तिची अट. फिलिपचं लग्नही हेसनच्या राजकन्येशी, सोफीशी झालं.

1647 मध्ये वाटणी झाली आणि पुढच्या वर्षीच्या वेस्टफालियाच्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. शाउमबुर्गचा किल्ला, रिंटेल्न, रोडेनबेर्ग हेसनकडे गेले. लाउएनाउच्या बाजूचा पट्टा ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गकडे. ब्युकेबुर्ग, श्टाडहागेन, हागेनबुर्ग आणि आरेन्सबुर्ग फिलिपकडे. विद्यापीठ काही वर्षं सामाईक राहिलं, आणि डोंगरातल्या कोळशाच्या खाणी तर विसाव्या शतकापर्यंत सामाईक. भावाभावांच्या वाटणीत विहीर सामाईक ठेवतात, त्यातलाच प्रकार. ज्या किल्ल्यावरून घराण्याला नाव मिळालं तो किल्ला दुसऱ्याच्या वाट्याला गेला, आणि नाव मात्र फिलिपच्या वंशजांनी लावलं. मांडलिकीची ती अट दीडशे वर्षांनी उलटणार होती.

मधली दोन-तीन नावं मी सोडून देतो. कर्ज, शिकार आणि नवरा-बायकोची भांडणं यांपलीकडे त्यांच्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एक अपवाद आल्ब्रेश्ट वोल्फगांगचा. प्रशियाच्या तरुण युवराजाला, म्हणजे पुढच्या फ्रेडरिक द ग्रेटला, 1738 मध्ये फ्रीमेसन संघटनेत आणण्यात त्याचा हात होता. त्याची बायको इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याची अनौरस मुलगी. त्यामुळे त्यांचा मुलगा विल्हेल्म 1724 मध्ये लंडनमध्ये जन्मला.

या विल्हेल्मसाठी मी थांबणार आहे, कारण एवढ्याशा जमिनीवर एवढा माणूस उगवणं ही गोष्ट दुर्मीळ. तो धाकटा, त्यामुळे राज्य त्याच्या नशिबात नव्हतं. थोरला भाऊ द्वंद्वयुद्धात मेला, आणि 1748 साली गादी विल्हेल्मकडे आली. लायडन आणि माँपेलियेत शिकलेला, गणिताचा आणि तोफखान्याचा वेडा. सप्तवार्षिक युद्धात तो इंग्रज-हॅनोव्हर बाजूच्या सैन्याचा तोफखाना सांभाळत होता, आणि 1 ऑगस्ट 1759 च्या मिंडेनच्या विजयात त्या तोफांचा मोठा वाटा होता. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. त्याने सेनापतीला तंबूत मेजवानी दिली आणि जेवण चालू असताना तंबूच्या टोकावरच्या निशाणावर तोफगोळे डागायला लावले. गोळंदाज किती अचूक आहेत ते पाहुण्यांना कळावं म्हणून! किस्सा खरा की खोटा हे बाजूला ठेवा. माणसाचा स्वभाव त्यात उतरला आहे.

1762 मध्ये स्पेनने फ्रान्सच्या साथीने पोर्तुगालवर स्वारी केली. पोर्तुगालचा कारभार तेव्हा ज्याच्या हातात होता तो पुढे मार्क्विस द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झाला. गोव्याच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांना हे नाव नवं नाही. 1759 मध्ये गोव्यातून जेझुइट पाद्री हाकलले गेले ते त्याच्याच धोरणाने. पोर्तुगालची फौज तेव्हा अगदी रया गेलेली. पगार थकलेले. अधिकारी सरदारांच्या पंगतीत वाढप्याचं काम करायचे, असंही सांगितलं जातं. इंग्लंडच्या शिफारशीने सरसेनापती म्हणून आला तो ब्युकेबुर्गचा काउंट.

त्याने काय केलं? मोठी लढाई जवळजवळ दिलीच नाही. स्पॅनिश फौज कितीतरी मोठी होती. आल्मेइदाचा किल्ला त्यांनी घेतलासुद्धा. विल्हेल्म डोंगरात मागे सरकत गेला. वाटेतलं धान्य हलवलं, घाट अडवले, रसद तोडली, आणि गावकऱ्यांनी मागून लचके तोडले. उपास आणि रोगराई यांनी उरलेलं काम केलं. वर्ष संपायच्या आत शत्रू परत फिरला. ही युद्धपद्धती ऐकून मराठी श्रोत्याला नवल वाटू नये. युरोपातल्या दरबारी सेनापतींना मात्र ती नवी होती. राजाने त्याला सोन्याच्या छोट्या तोफा भेट दिल्या. एल्वासच्या टेकडीवर त्याच्या सल्ल्याने जो किल्ला बांधला गेला त्याला 'काउंट लिप्पेचा किल्ला' असंही नाव आहे. आज तो जागतिक वारशाच्या यादीतल्या एल्वासच्या तटबंदीचा भाग आहे.

घरी मात्र त्याचं दुसरंच काम चालू होतं. त्याच्या राज्याच्या टोकाला श्टाइनहूडर मेअर नावाचं तळं आहे. विस्तार तीस चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सरासरी खोली माणसाच्या छातीएवढी. या तळ्याच्या मधोमध, जिथे बेट नव्हतं तिथे, त्याने बेट तयार केलं. 1761 ते 1767 ही सहा वर्षं आसपासचे कोळी आपल्या होड्यांतून दगड नेऊन पाण्यात टाकत होते. त्या भरावावर चांदणीच्या आकाराचा किल्ला उभा राहिला, भोवती सोळा छोटी बेटं. विल्हेल्मश्टाइन हे त्याचं नाव.

शेजारची राज्यं हसली असतील. तळ्यातल्या त्या खेळण्याने हॅनोव्हर किंवा प्रशिया थोडीच रोखता येणार होती? पण विल्हेल्मचा हिशोब वेगळा होता. लहान राज्य शत्रूला हरवू शकत नाही. हरायला वेळ मात्र लावू शकतं. सगळा मुलूख गेला तरी एक ठिकाण, जिथे राज्याचं निशाण फडकतंय, शाबूत राहिलं, तर राज्य संपलं असं कायद्याने म्हणता येत नाही. तेवढ्या वेळात कुणीतरी मध्यस्थी करतो. न्याय्य युद्ध एकच, बचावाचं, असं त्याने आपल्या फ्रेंच ग्रंथात मांडलं. हल्ला करणं इतकं महाग करून ठेवावं की कुणाला युद्ध परवडूच नये, असा त्याचा विचार. काही लोक याला शांततावाद म्हणतात. मला ते पटत नाही. गावोगावचे तरुण कवायतीला ओढणारा, कोळ्यांना दगड वाहायला लावणारा, एवढ्याशा उत्पन्नावर नको तेवढं सैन्य पोसणारा हा राजा होता. त्याचं तत्त्वज्ञान थोर, पण त्याचा खर्च शेतकऱ्याच्या पाठीवर.

किल्ल्यावर त्याने 1767 मध्ये लष्करी शाळा काढली. गणित, तटबंदी, तोफविद्या, भाषा. जन्म कुठल्या घरात झाला हे तिथे फारसं विचारत नसत. 1773 मध्ये तिथे जवळच्या गावातला, हॅनोव्हरच्या सैन्यातल्या जुन्या शिपाईगड्याचा मुलगा दाखल झाला. गेरहार्ड शार्नहोर्स्ट. 1806 मध्ये नेपोलियनने प्रशियाचं सैन्य धुळीला मिळवल्यावर ते नव्याने बांधणाऱ्यांत हाच शार्नहोर्स्ट पुढे होता. सगळ्या जनतेने हत्यार उचलायचं, अधिकारी कुळाने नव्हे तर शिक्षणाने घडवायचा, हे धडे त्याने या तळ्यात गिरवले होते.

विल्हेल्मचा दरबार मात्र नुसता शिपायांचा नव्हता. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा योहान क्रिस्टोफ फ्रीडरिश बाख याने 1750 च्या सुमारास इथे चाकरी धरली आणि 1795 मध्ये तो इथेच वारला. तरुण लेखक टोमास आब्ट इथे आला आणि सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर 1771 मध्ये धर्मोपदेशक म्हणून आला योहान गोटफ्रीड हेर्डर. मानवजातीच्या इतिहासावरचं त्याचं पहिलं मोठं पुस्तक 1774 सालचं, इथलंच. शाकुंतलाचं जर्मन रूपांतर निघाल्यावर भारतीय साहित्याबद्दल युरोपात जे भारावलेपण पसरलं त्यात हेर्डरचा वाटा आपल्याकडे ठाऊक आहे. 1803 च्या आवृत्तीला प्रस्तावनाही त्याचीच. ती सगळी नंतरची, वायमारची गोष्ट. ब्युकेबुर्गमध्ये त्याला कोंडल्यासारखं वाटत होतं. काउंटला चर्चा करायला तत्त्वज्ञ हवा होता, आणि हेर्डरला शाळा, चर्च, कामाला वाव. दोघांचे सूर जुळले नाहीत. जुळले ते काउंटेस मारीबरोबर. ती शांत आणि धर्मनिष्ठ. बाखच्या संगीतासाठी हेर्डरने इथे ओरॅटोरिओंचे शब्द लिहिले. लझारसच्या पुनरुत्थानावरचा त्यातला एक आजही गायला जातो.

काउंटची एकुलती मुलगी एमिली 1774 मध्ये, तीन वर्षांची असताना, गेली. जून 1776 मध्ये मारी गेली. त्याच वर्षी हेर्डर वायमारला निघून गेला. सप्टेंबर 1777 मध्ये विल्हेल्म गेला. सगळी आखणी केलेल्या या माणसाला वारस उरला नाही.

गादी आली आल्व्हरडिसेनच्या चुलतघराण्यातल्या फिलिप एर्न्स्टकडे. आणि इथे दुसऱ्या बाईची, आजीची, गोष्ट सुरू होते. फिलिप एर्न्स्टची आई एलिझाबेथ फोन फ्रीझेनहाउझेन साध्या सरदार घराण्यातली होती, काउंटच्या तोलामोलाची नव्हती. जर्मन राजघराण्यांत नियम असा की नवरा-बायको समान दर्जाचे नसतील तर मुलांना गादीचा हक्क नाही. तिला काउंटेसची पदवी देण्यात आली, आणि व्हिएन्नातल्या शाही न्यायमंडळाने मुलांच्या बाजूने निर्णयही दिला होता. पण हेसन-कासेलने तो मनापासून कधीच मान्य केला नाही. 1647 ची मांडलिकीची अट त्यांच्या दप्तरात जपून ठेवलेली. पुरुष वंश खुंटला तर जहागीर हेसनकडे परत. फ्रीझेनहाउझेन बाईची मुलं वारसच नव्हेत असं ठरवलं, तर वंश विल्हेल्मबरोबरच खुंटला होता!

फेब्रुवारी 1787 मध्ये फिलिप एर्न्स्ट वारला. मागे दोन वर्षांचा मुलगा गेओर्ग विल्हेल्म आणि सव्वीस वर्षांच्या आतली विधवा युलियाने. ती स्वतः हेसनच्याच एका धाकट्या शाखेतली, फिलिप्सटालची. प्रेत अजून ताजं असताना हेसन-कासेलचा लँडग्रेव्ह विल्हेल्म नववा याने सैन्य घुसवलं. हा तोच राजा, ज्याच्या घराण्याने आपले शिपाई अमेरिकेतल्या युद्धासाठी इंग्लंडला भाड्याने दिले होते. ब्युकेबुर्ग पडलं, श्टाडहागेन पडलं, अंमलदारांकडून लँडग्रेव्हच्या नावे शपथा घेतल्या गेल्या. काही दिवसांत सगळा मुलूख हेसनचा झाला.

सगळा म्हणजे तळं सोडून. विल्हेल्मश्टाइनवरच्या किल्लेदाराने शरण यायला नकार दिला. हेसनची फौज काठावर येऊन थांबली. तोफा होत्या, पण तळ्यात पोचतील अशा नव्हत्या. होड्यांतून चाल करायची तर समोर तोफखान्यात मुरलेली माणसं. दहा वर्षांपूर्वी मेलेल्या राजाने नेमका याच दिवसासाठी पाण्यात दगड टाकून ठेवले होते.

तेवढ्या वेळात युलियानेने कागद हलवले. व्हिएन्नाला तक्रार गेली, आणि शाही न्यायमंडळाने हेसनला मुलूख सोडण्याचा हुकूम दिला. एकट्या हुकमाने लँडग्रेव्ह हलला नसता. प्रशिया आणि हॅनोव्हर यांनाही हेसन इतकं फुगलेलं नको होतं. त्यांनी दम भरला. एप्रिलमध्ये हेसनची फौज परत गेली. पवित्र रोमन साम्राज्याला त्याच्या अखेरच्या काळात खूप हसलं जातं, आणि हसण्यासारखं त्यात पुष्कळ होतंही. पण दोन वर्षांच्या पोराचा दावा ऐकून घेऊन एका बलाढ्य राजाला माघार घ्यायला लावणारी ती यंत्रणा होती, हेही लिहून ठेवायला हवं. न्यायमंडळाला ना तो मुलूख हवा होता, ना खंडणी. म्हणूनच त्याच्या हुकमाला वजन होतं.

युलियानेने बारा वर्षं राज्य केलं. दरबाराचा खर्च कापला, शाळा आणि रस्त्यांकडे लक्ष दिलं, आइलसेनच्या गंधकाच्या झऱ्यांना आरोग्यस्थान बनवलं. 1799 मध्ये, चाळिशीही न गाठता ती गेली. तिच्या मुलाने 1807 मध्ये नेपोलियनच्या ऱ्हाइन संघात प्रवेश केला आणि 'काउंट'चा 'प्रिन्स' झाला. एर्न्स्टने पैसे मोजून मागितलेली पदवी, यावेळी फक्त वाऱ्याची दिशा ओळखून मिळाली.

1866 मध्ये पुन्हा सगळं पणाला लागलं. जर्मन संघाच्या सभेत प्रशियाविरुद्ध ऑस्ट्रियाचा ठराव आला तेव्हा लहान राज्यांच्या एका गटाचं सामाईक मत शाउमबुर्ग-लिप्पेच्या वकिलाने, व्हिक्टोर फोन श्ट्राउसने, ऑस्ट्रियाच्या पारड्यात टाकलं. त्या मतावरून मोठा गहजब झाला. ब्युकेबुर्गने ताबडतोब बाजू बदलून प्रशियाशी जुळवून घेतलं, आणि राज्य वाचलं. श्ट्राउस मात्र राजकारणातून बाहेर पडला. त्याने चिनी भाषेत डोकं घातलं आणि 1870 मध्ये लाओत्सेच्या ग्रंथाचं जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलं. राजकारण सोडून याहून चांगलं काही हाती लागलेले मुत्सद्दी मला तरी फार माहीत नाहीत.

आणि आता या कथेतला सर्वांत मजेशीर भाग. 1895 मध्ये शेजारच्या थोरल्या लिप्पे राज्याची गादी रिकामी होण्याची वेळ आली. मुख्य दावेदार दोन. बीस्टरफेल्डची शाखा, आणि शाउमबुर्ग-लिप्पे. ब्युकेबुर्गचा राजपुत्र आडोल्फ हा कैसरचा मेहुणा, म्हणून कैसरचं वजन त्याच्या बाजूला. ब्युकेबुर्गवाल्यांचा युक्तिवाद काय होता? बीस्टरफेल्डच्या घराण्यात एक आजी, मोडेस्टे फोन उनरू, समान कुळातली नव्हती, म्हणून तिची संतती अपात्र! ज्यांच्या स्वतःच्या आजीच्या कुळावरून शंभर वर्षांपूर्वी अख्खं राज्य जाता जाता राहिलं, ते आता दुसऱ्याच्या आजीची वंशावळ उघडून बसले होते. लवादाने 1897 मध्ये बीस्टरफेल्डच्या बाजूने निकाल दिला. तरी वाद धुमसत राहिला, आणि 1905 मध्ये तो ब्युकेबुर्गच्या विरुद्ध कायमचा मिटला. खटल्याचे कागद वर्तमानपत्रांत गाजले, आणि राजेरजवाड्यांच्या कुळांकडे लोक हसून पाहू लागले.

शेवटचा प्रिन्स आडोल्फ दुसरा नोव्हेंबर 1918 मध्ये गादीवरून उतरला. 1920 मध्ये त्याने साध्या घराण्यातल्या एका स्त्रीशी लग्न केलं. आता कूळ विचारणारं कुणी उरलंच नव्हतं. 1936 मध्ये मेक्सिकोत विमान कोसळून दोघेही गेले. घराण्यातला त्याचा भाऊ फ्रीडरिश क्रिस्तियान नाझी राजवटीत गोबेल्सच्या हाताखाली होता, ही गोष्ट राजवाड्याच्या माहितीपत्रकात शोधू नका. प्रजासत्ताक झालेलं शाउमबुर्ग-लिप्पे नोव्हेंबर 1946 मध्ये ब्रिटिशांनी नव्या लोअर सॅक्सनी राज्यात मिसळून टाकलं.

लोक मात्र विसरले नव्हते. 19 जानेवारी 1975 रोजी सार्वमत झालं तेव्हा तिथल्या मतदारांनी पुन्हा स्वतंत्र राज्य हवं असा कौल दिला. पुढच्या वर्षी बॉनच्या संसदेने कायदा करून तो बाजूला ठेवला. तोवर प्रशासनाने वेगळंच काम हाती घेतलं होतं. 1 ऑगस्ट 1977 रोजी जुना शाउमबुर्ग-लिप्पे जिल्हा आणि एके काळी हेसनच्या वाट्याला गेलेला रिंटेल्नचा जिल्हा एकत्र करून शाउमबुर्ग जिल्हा झाला. मुख्यालय श्टाडहागेन. एलिझाबेथ आणि आमालिए यांच्या काळात झालेली वाटणी तीनशे तीस वर्षांनी, एका जिल्हा पुनर्रचनेच्या फायलीत, बव्हंशी रद्द झाली.

ब्युकेबुर्गला आज लोअर सॅक्सनीचं घटनात्मक न्यायालय आहे, आणि चर्चने मात्र कुठलीच पुनर्रचना मानलेली नाही. जर्मनीतलं अगदी लहान, पण स्वतंत्र असं शाउमबुर्ग-लिप्पेचं लूथरपंथी चर्च ब्युकेबुर्गहून आपल्या बिशपच्या देखरेखीखाली चालतं. रिंटेल्नची मंडळी हॅनोव्हरच्या चर्चमध्ये मोडतात. एकाच जिल्ह्यात राहणारे हे शेजारी रविवारी प्रार्थनेला निघतात ते 1647 च्या हद्दीप्रमाणेच.